पत्री पूल बंद होता तेव्हा

माझं घर कल्याण पश्चिमेला, पारनाक्याजवळ. आई राहते पूर्वेला, तिसगावात. मध्ये रेल्वेचे रूळ. २०१८ च्या जूनमध्ये आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि रोज संध्याकाळी डबा घेऊन तिच्याकडे जायचं हे माझं ठरून गेलं. रिक्षाने पंचवीस मिनिटं, फार तर अर्धा तास. डब्यातली आमटी तिच्या ताटात पडेपर्यंत कोमट असायची.

ऑगस्टमध्ये जुना पत्री पूल वाहनांसाठी बंद झाला. पहिल्या संध्याकाळी मला पोचायला एक तास चाळीस मिनिटं लागली. आई दारात खुर्ची टाकून बसली होती. "अगं, फोन तरी उचलायचास," एवढंच म्हणाली. त्या रात्री घरी येऊन मी दुधाच्या हिशेबाची वही उलटी केली आणि मागच्या पानावर निघाल्याची आणि पोचल्याची वेळ लिहिली. पुढे सवय लागली. हे प्रकरण लिहिताना ती वही समोर आहे. ती काही सरकारी मोजणी नव्हे, एका बाईच्या एका रस्त्याची नोंद आहे. पण अडीच वर्षं एक शहर एका पुलावर कसं अडकून पडलं, ते तिच्यात दिसतं.

आधी पूल समजून घ्यायला हवा. कल्याण आणि ठाकुर्ली स्टेशनांच्या मधे रुळांवरून जाणारा हा लोखंडी पूल १९१४ सालचा. सगळं अंग पोलादी, जागोजागी रिव्हेट ठोकलेले, म्हणून लोकांच्या तोंडी 'पत्री पूल' बसलं. लहानपणी बाबांचा हात धरून मी त्यावरून चालले आहे. खालून मेल गाडी गेली की कठड्याला टेकलेल्या तळहाताला थरथर जाणवायची. गाडी दूर गेली तरी लोखंड क्षणभर गुणगुणत राहायचं. बाबा म्हणायचे, "बघ, पुलाला गाडी कळते."

वाहतूक वाढली तेव्हा शेजारी दुसरा पूल झाला. एकावरून जायचं, दुसऱ्यावरून यायचं. एवढ्या जोडीवर भिवंडी–कल्याण–शीळ हा अख्खा रस्ता तोलून धरला होता. हा रस्ता केवळ कल्याणकरांचा नाही. न्हावा-शेवा बंदरातून, पनवेल-तळोज्याकडून निघालेले कंटेनर शीळफाट्याला वळून याच रस्त्याने भिवंडीच्या गोदामांकडे जातात. नेतिवलीची चढण चढायची, पत्री पूल ओलांडायचा, गोविंदवाडी बायपासने दुर्गाडी किल्ल्यापाशी यायचं, खाडीवरचा पूल ओलांडला की भिवंडीचा रस्ता. म्हणजे माझा डबा, शाळेच्या व्हॅन, रुग्णवाहिका, बाजार समितीतली भाजी आणि चाळीस फुटी कंटेनर, सगळ्यांची वाट एकच.

असं का झालं, याचं उत्तर कल्याणच्या जुन्या नकाशात आहे. कल्याण हे उल्हास नदीच्या खाडीवरचं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात ते 'कॅलिएना' म्हणून येतं. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, दुर्गाडी बांधला आणि याच खाडीत आरमाराची जहाजं बांधायला घेतली. त्यामुळे जुनं गाव खाडीकडे तोंड करून वसलं: दूधनाका, पारनाका, टिळक चौक, सुभेदारवाडा. माणसं, माल, बैल जे काही यायचं ते घाट उतरून पाण्यापर्यंत किंवा पाण्यातून घाटाकडे. गावाचं पोटच या ये-जा करण्यावर.

१ मे १८५४ ला ठाण्याहून पुढे कल्याणपर्यंत रेल्वे आली. पुढे इथून एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे गेला आणि कल्याण जंक्शन झालं. रूळ जुन्या गावाच्या पाठीमागून गेले. पाठीमागे तेव्हा होती भातशेती आणि गावं: तिसगाव, काटेमानिवली, नेतिवली, चिंचपाडा. आज आपण ज्याला कल्याण पूर्व म्हणतो, ते म्हणजे ही गावं आणि त्यांच्यामधली शेतं, ज्यांवर आधी बैठ्या चाळी आल्या, मग चार मजल्यांच्या इमारती, मग टॉवर. तेव्हा रूळ शेताला आडवे होते, म्हणून कुणाला अडचण झाली नाही. शेताच्या जागी लाखो माणसं आली, रूळ तिथेच राहिले. उलट त्यांची संख्या वाढली. दिवा-कल्याण पट्ट्यात सहा मार्ग झाले, म्हणजे ओलांडायचं अंतर आणखी लांबलं.

२०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. त्यानंतर शीळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी शहरं उभी राहिली, ती आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. निळजे, खोणी या भागात पलावासारखी अख्खी वसाहत झाली. मधली २७ गावं १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यांतली १८ वेगळी काढायचा निर्णय झाला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द केला. गावं आत की बाहेर, यावर तावातावाने वाद झाले, मोर्चे निघाले, निवडणुका लढल्या गेल्या. गावकऱ्यांच्या कराच्या, पाण्याच्या तक्रारी खऱ्या होत्या, मला त्या कमी लेखायच्या नाहीत. पण आत असोत वा बाहेर, तिथे राहायला आलेला प्रत्येक माणूस कल्याणला यायला निघाला की पत्री पुलावरच येणार होता. इमारतीच्या नकाशात पार्किंगच्या जागा मोजतात. त्या गाड्या रूळ कुठून ओलांडणार, हे मोजायचं काम कुठल्याच टेबलावर नव्हतं. माझं या प्रकरणातलं मुख्य म्हणणं हेच आहे.

आता घटनाक्रम. ३ जुलै २०१८ च्या सकाळी अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. त्यानंतर रेल्वेने मुंबई आयआयटीच्या मदतीने रुळांवरचे जुने पूल तपासायला घेतले आणि १०४ वर्षांच्या पत्री पुलाला धोकादायक ठरवलं. ऑगस्टमध्ये तो बंद झाला. या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. खाली लोकल भरून माणसं जातात आणि वर कंटेनर थांबतो, तिथे शंका आली तर बंदच करायला हवं. तक्रार आहे ती त्याआधीच्या वर्षांबद्दल. पूल १९१४ चा आहे हे काही तपासणीत कळलेलं गुपित नव्हतं. त्याचं वय सगळ्यांना पाठ होतं. दुसऱ्या गावातला पूल पडल्यावर आपला तपासायचा, आणि तपासून झाल्यावर नव्याचं बघायचं, हा क्रमच उलटा.

दोनपैकी एक पूल गेला म्हणजे वाहतूक निम्म्यावर आली, असं कागदावर वाटतं. रस्त्यावर तसं होत नाही. शेजारच्या पुलावर दोन्ही दिशा आल्या. मग नेतिवलीकडच्या तोंडाला आणि बायपासकडच्या तोंडाला चारी बाजूंच्या गाड्या एकमेकींच्या आडव्या यायला लागल्या. एखादा ट्रक चढणीवर बंद पडला की मागची रांग टाटा नाक्यापर्यंत. ती रांग चुकवायला रिक्षा गल्ल्यांत शिरत, गल्ल्यांत शाळेच्या व्हॅन समोरून येत, आणि गल्लीही बंद. माझ्या वहीत त्या सप्टेंबरमध्ये पाऊण तासाच्या आतली एकही नोंद नाही. वाईट इतकं नव्हतं वाटत जितकं अनिश्चित वाटायचं: आज पन्नास मिनिटं, उद्या दोन तास. आईच्या गोळ्या जेवणानंतरच्या. शेवटी शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं, की आठ वाजले आणि मी आले नाही, तर तिला भात करून द्या. त्यांनी पहिल्याच दिवशी साडेसातला दिला.

"तू रुळांवरून चालत का नाही जात, स्टेशनच्या पुलाने?" असं मला पुष्कळांनी विचारलं. जायचे. पारनाक्याहून स्टेशनपर्यंत रिक्षा, स्कायवॉक चढायचा, गर्दीतून पूर्वेला उतरायचं, तिथे शेअर रिक्षाची रांग, मग तिसगाव. माझ्या पायांत ताकद होती म्हणून जमलं. दोन महिन्यांनी आईला तपासणीसाठी पश्चिमेच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली, तेव्हा त्या जिन्यांचा काय उपयोग? आम्ही सकाळी सातला रिक्षा केली, वालधुनीच्या पुलाने वळसा घालून. आई मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेली, मी तिच्या पायाला खड्ड्याचा धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी घोटा धरून. चिंचोळ्या रस्त्यावर एक रुग्णवाहिका आमच्या मागे सायरन वाजवत उभी होती. कुणी अडवत नव्हतं, सगळेच वाट द्यायला तयार होते, फक्त सरकायला जागा नव्हती. तो सायरन बराच वेळ एकाच ठिकाणी वाजत राहिला. आईने माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले, त्या आतल्या माणसासाठी.

पूल बंद झाल्यावर तीन आठवड्यांत गणपती आले, १३ सप्टेंबरला. पूर्वेच्या पुष्कळ मंडळांचे गणपती दुर्गाडीच्या गणेश घाटावर विसर्जनाला येतात, म्हणजे याच वाटेने. पाठोपाठ नवरात्र, आणि नवरात्रात दुर्गाडीवरची देवी म्हणजे सगळ्या पंचक्रोशीची जत्रा. त्या दिवसांत वाहतूक पोलिसांनी आणि त्यांच्यासोबत उभ्या राहिलेल्या तरुण पोरांनी जे काम केलं, ते मी जवळून पाहिलं. भर पावसात शिट्टी तोंडात धरून, एका वेळी वीस गाड्या सोडायच्या, मग हात आडवा. अवजड वाहनांवर वेळेची बंधनं आली, त्याने थोडा श्वास मिळाला. पण कंटेनर शीळफाट्यालाच थांबवले की तिथे रांग, सोडले की इथे रांग. माल काही हवेतून जात नाही.

१८ नोव्हेंबर २०१८, रविवार. रेल्वेने सहा तासांचा ब्लॉक घेतला, लोकल थांबल्या आणि जुना पूल क्रेनने उचलून उतरवला. सहा तास म्हटले आणि सहा तासांत केलं. शे-सव्वाशे वर्षांच्या लोखंडाला खालच्या ओव्हरहेड वायर आणि रूळ सांभाळत उतरवणं सोपं नाही, आणि ज्यांनी ते केलं त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. मी नेतिवलीच्या बाजूला गर्दीत उभी होते. कापलेला तुकडा दोरांवर तरंगत वर गेला तेव्हा गर्दी एकदम गप्प झाली. माझ्या शेजारचे एक आजोबा, रेल्वेतून निवृत्त झालेले असावेत, टोपी काढून उभे राहिले.

पाडायला सहा तास लागले. बांधायला सव्वादोन वर्षं. हा फरक कुठून आला, हे नीट पाहिलं पाहिजे, कारण 'कंत्राटदार झोपला होता' असं म्हणून मोकळं होता येत नाही. रुळांवरची हवासुद्धा रेल्वेची. तिच्या मंजुरीशिवाय तिथे खिळा ठोकता येत नाही. रस्ता आणि नवा पूल राज्य रस्ते विकास महामंडळाकडे. आजूबाजूचे रस्ते, अतिक्रमणं, पाण्याच्या आणि गटाराच्या लाइनी महापालिकेकडे. वाहतूक ठाण्याच्या पोलिसांकडे. आराखडा एकाने करायचा, दुसऱ्याने तपासायचा, बदल सुचवायचे, पुन्हा पाठवायचा. रुळांच्या मधे खांब घेता येत नाही म्हणून एकाच झेपेत जाणारा गर्डर, म्हणजे पुलाची मुख्य तुळई हवी, सुमारे ७७ मीटर लांब, सुमारे ७०० टनांचा. तो हैदराबादला तयार व्हायचा, भागाभागांत ट्रेलरवरून यायचा, इथे जोडायचा. मुदती जाहीर होत आणि उलटून जात. लोक रस्त्यावर उतरले, समाजमाध्यमांवर चेष्टा केली, गाणी केली. मला त्यात हसू आलं नाही, पण त्या गाण्यांनी पूल बातम्यांत राहिला हे खरं.

त्यातच सप्टेंबर २०१९ मध्ये डोंबिवलीचा कोपर पूलही धोकादायक म्हणून बंद करावा लागला. आता डोंबिवलीत पूर्व-पश्चिम जायचं तर ठाकुर्लीचा अरुंद उड्डाणपूल, नाहीतर मोठा वळसा. एकाच महापालिकेत, एकाच रेल्वेमार्गावरचे दोन महत्त्वाचे पूल एकाच वेळी बंद. कोपर पूल सुरू झाला तो २०२१ च्या गणपतींच्या तोंडावर. कुठला पूल कधी थकेल याची यादी आधीपासून असती, तर एकाची पर्यायी वाट तयार होईपर्यंत दुसऱ्याला हात लावावा लागला नसता. अशी यादी करायला पैसा लागत नाही, एक अभियंता आणि एक वही लागते.

मग २०२० चा मार्च. टाळेबंदी लागली. अत्यावश्यक सेवेत नसलेल्या माझ्यासारखीला आईकडे जायला परवानगीचा कागद लागायचा. तो मिळाल्यावर मी पहिल्यांदा निघाले तेव्हा पत्री पुलाची चढण रिकामी होती. अख्खी. वहीत नोंद आहे: अठरा मिनिटं. आमटी गरम होती. पण दोघींनाही त्याचं काही वाटलं नाही. आई दाराच्या आत, मी बाहेर पायरीवर, मधे डबा. पुलाचं काम थांबलेलं, गर्डर हैदराबादला, कामगार गावाकडे निघालेले. शीळ रस्त्यावरून मी त्यांना चालताना पाहिलं, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. ज्यांनी हे उपनगर बांधलं त्यांनाच त्यातून चालत बाहेर पडावं लागलं. ते दृश्य या प्रकरणात बसत नाही, पण गाळता येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२० ला गर्डर सरकवायला सुरुवात झाली. पुन्हा रेल्वेचे ब्लॉक, पुन्हा गर्दी, या वेळी तोंडाला मास्क. ७०० टनांचं लोखंड रुळांवरून पुढे जातं तेव्हा ते जाताना दिसतच नाही. घड्याळाच्या तासकाट्यासारखं. एखाद्या खांबाकडे बघत राहिलं आणि चहा पिऊन पुन्हा पाहिलं, की कळतं सरकलंय. टप्प्याटप्प्याने ते पलीकडे टेकलं. २५ जानेवारी २०२१ ला तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते ऑनलाइन उद्घाटन झालं. पुलाला आई तिसाई देवीचं नाव दिलं, तिसगावच्या ग्रामदेवतेचं. पूर्वेच्या लोकांना त्याचं फार बरं वाटलं, आणि बरोबरच होतं. रुळांच्या त्या बाजूचं नाव पहिल्यांदाच इतक्या मोठ्या गोष्टीवर लागलं होतं.

पुढे काय झालं? पूल सुरू झाला आणि कोंडी सुटली, असं लिहायला मला आवडलं असतं. पुलावरची सुटली. मग गाड्या लवकर दुर्गाडीला पोचू लागल्या आणि तिथे थांबू लागल्या, कारण खाडीवरच्या नव्या सहा पदरी पुलाचं काम तेव्हा पुरं झालं नव्हतं. त्याच्या पहिल्या दोन मार्गिका त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस सुरू झाल्या. दुसऱ्या टोकाला काटई नाक्याला रांगा. आता तर शीळ रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहताहेत, त्यांच्या पत्र्यांनी रस्ता पुन्हा निमुळता झाला आहे. २०२४ मध्ये डोंबिवलीच्या मोठागावातून खाडी ओलांडून माणकोलीला जाणारा पूल खुला झाला, आणि ठाण्याला जाणाऱ्यांना पहिल्यांदा कल्याणचा किंवा शीळफाट्याचा वळसा न घालता जाता आलं. त्या पुलाला मी या सगळ्यात जास्त महत्त्व देते. बाकीचे पूल जुन्याच वाटेवर रुंदी वाढवणारे आहेत, हा नवी वाट देणारा आहे. कल्याणला असे आणखी दोन-तीन हवेत: रूळ ओलांडणारे, आणि पत्री पुलापासून लांब.

२०२१ च्या फेब्रुवारीत आई पहिल्यांदा काठी टेकत माझ्याकडे राहायला आली. मी घ्यायला गेले होते. रिक्षावाल्याने मीटर टाकत विचारलं, "आजी, पत्री पुलावरून घेऊ ना?"

"आता तिसाईचा आहे तो," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "पण पत्री पुलावरूनच घे."

चढ संपून पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा खालून लोकल गेली. आईने रिक्षाच्या दांड्यावर हात ठेवला होता. मी विचारलं, "थरथर लागते का गं?"

"नाही," ती म्हणाली. "हा जड आहे."

घरी आल्यावर मी वही काढली. सव्वीस मिनिटं.